चौदा नंबरला त्रास शून्य

"रविवारच्या लग्नात एक जरी माणूस रुसला, तरी मिशी उतरवीन!" वैभव धुरीने लालबागच्या खोलीत, भरल्या पाहुण्यांसमोर, लॅपटॉपवर थाप मारून सांगितलं.

त्याला मिशी नव्हती, ही गोष्ट वेगळी. पण पैज इतक्या खणखणीत आवाजात लागली, की समोर बसलेल्या अजितमामाने घाबरून स्वतःची चाचपून पाहिली.

रुसण्याला धुऱ्यांच्या घरात काय वजन आहे, ते बाहेरच्याला कळायचं नाही. इतरांच्या लग्नात नवरी रडते, धुऱ्यांच्या लग्नात आत्या रुसते. थोरल्या मुलीच्या हळदीला सुभद्राआत्याला न विचारता हळदीची वाटी भलत्याच बाईच्या हातात गेली. आत्या उठली, तिने पदर खोचला, आणि भर दुपारी हॉलमधून जी निघाली ती थेट परळच्या एसटी डेपोच्या दिशेने. नवरीचा बाप, म्हणजे वैभवचे बाबा, गणपत धुरी, तिच्यामागे अनवाणी धावले. सिग्नलला तिला गाठलं. हिरवा दिवा लागलेला, दोन बसगाड्या हॉर्न मारतायत, आणि बाबा रस्त्याच्या मधोमध थोरल्या बहिणीच्या पायावर डोकं ठेवून! आत्या परत आली, पण जेवली नाही. ती जेवली नाही म्हणून बाबाही जेवले नाहीत. त्याला अकरा वर्षं झाली. अजून तो विषय निघाला की बाबा उठून नळ नीट बंद आहे का बघायला जातात.

आता धाकट्या अनुजाचं लग्न. बाबांचं मागणं एकच. "वैभव, कसंही कर बाळा, ह्या खेपेला कोणी रुसता कामा नये. माझ्याच्याने आता धाववत नाही."

"बाबा, तुम्ही फक्त बघत राहा!"

आणि त्याच्या ह्या ऐटीला आधार होता. शिवडीला, बंदराच्या भिंतीला लागून, एका कंपनीचा कंटेनर ठेवायचा तळ होता. तिथे बिनचालकाच्या चौदा गाड्या फिरत. ना स्टिअरिंगवर माणूस, ना खिडकीतून पिचकारी. जहाजावरनं पेटी उतरली की कुठल्या गाडीने ती उचलायची, हे ठरवायचा प्रोग्राम वैभवने लिहिलेला. त्याच आवारात बाबांनी बत्तीस वर्षं ट्रेलर लावले होते. त्यांच्याकडे प्रोग्राम नव्हता, एक शिट्टी होती.

"चौदा गाड्या, चौदा पेट्या," वैभव बाबांना समजावत होता. "तुम्ही कुठली गाडी कुठे पाठवाल?"

"जवळची जवळ."

"चूक! प्रत्येकीला जवळची पेटी दिली, की शेवटच्या गाडीच्या वाट्याला पार टोकाची उरते. म्हणून तक्ता मांडायचा. इकडून गाड्या, वरून पेट्या. प्रत्येक चौकोनात एक आकडा, ह्या गाडीला त्या पेटीचा त्रास किती. मग प्रोग्राम असं वाटप करतो, की सगळ्यांचा मिळून त्रास कमीत कमी! डोळ्याचं पातं लवायच्या आत!"

"आणि कोणी मध्येच बंद पडली तर?"

"नवा तक्ता. मिनिटामिनिटाला नवा तक्ता."

बाबांनी थोडा विचार केला. "त्रासाचे आकडे कोण घालतं?"

"मी!"

"हं," बाबा म्हणाले, आणि मामाची उष्टी कपबशी उचलून विसळायला गेले.

त्याच रात्री वैभवच्या डोक्यात किडा वळवळला. गाडीच्या जागी नातेवाईक, पेटीच्या जागी लग्नातलं काम! बंदर काय नि लग्न काय, माल वेळेवर हलला पाहिजे आणि कोणी कोणाला धडकता कामा नये! त्याने ऑफिसच्याच लॅपटॉपवर नियमांची नवी फाईल उघडली. त्या तक्त्यात जुन्या काळचा 'चालक' नावाचा एक रकाना उगाच रिकामा पडला होता. गाड्यांना चालकच नव्हते, तर तो भरणार कोण? वैभवने तिथे नातेवाइकांची नावं घातली. शेजारी 'कारण' नावाचा रकाना होता. हा त्याचा खास लाडका. प्रोग्रामने जे ठरवलं ते का ठरवलं, हे तळावरच्या माणसांना मराठीत कळावं म्हणून त्याने तो बनवला होता. एवढंच नाही, ते कारण एक बाई स्पीकरवरून गोड आवाजात वाचूनही दाखवायची, बातम्या सांगितल्यासारखी.

नातेवाइकांची कारणं लिहिताना वैभवचा हात असा काही मोकळा सुटला, की शाळेत निबंध लिहिताना कधी सुटला नव्हता! पोटात तीस वर्षं साठलेलं सगळं त्याने रकान्यात ओतलं. तेरा ओळींना अडीच तास लागले. चौदावी ओळ अर्ध्या मिनिटात भरली आणि तो झोपला.

फाईल पुढे तीनदा चालवून पाहिली. वाटप असं चोख, की वैभवने स्वतःच स्वतःची पाठ थोपटायचा प्रयत्न केला. हात पोचला नाही.

बुधवारी शिवडीला मोठी चाचणी होती. एका बड्या जहाज कंपनीचे साहेब गाड्या बघायला येणार होते. पसंत पडल्या तर त्यांची जहाजं इथे लागणार, म्हणून वैभवच्या वरिष्ठ लतिका मॅडमनी भिंतीएवढा पडदा मागवला होता. कर्मचाऱ्यांना घरची दोन माणसं आणायची मुभा होती. दोन! धुऱ्यांच्यात दोन माणसं न्यायची म्हणजे बारा माणसांना न नेणं. आत्याला नेलं आणि मामाला नाही, मामाला नेलं आणि काकांना नाही, तर लग्न रविवारी आणि रुसवा बुधवारीच! वैभवने गेटवर हातापाया पडून टेम्पो ट्रॅव्हलर भरून चौदाच्या चौदा माणसं आत घेतली.

निघायच्या आधी सकाळी सातला आत्याचा फोन.

"वैभवा, हळद पयली मी लावतलंय. तुझ्या त्या मशिनीत लिवन ठेव."

"आत्या, लिहिलंय गं."

"काय लिवलंस?"

"तुझं नाव पहिलं."

"नुसता नाव नको. माझा झाल्याबगर दुसऱ्या कोणी हात लावूचो नाय, असा लिव. माझ्या समोर लिव!"

फोनवर समोर कसं लिहिणार? पण आत्यापुढे असले प्रश्न काढायचे नसतात. वैभवने फोन कानाला लावून फाईल उघडली, 'आत्याला काम लागल्याशिवाय इतर कोणालाही काम देऊ नये' असं लिहिलं, आणि फाईल जतन केली.

इथेच घात झाला! कारण रोज सकाळी तो प्रोग्राम नियमांची सगळ्यात ताजी फाईल आपणहून उचलायचा. ही सोय कोणी केली होती? वैभवनेच! कोणाला त्रास नको म्हणून!

साडेअकराला दुसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत सगळे जमले. खाली उन्हात एक सोडून बाकी गाड्या शाळेतल्या मुलांसारख्या ओळीत उभ्या. पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे, त्यांचे मुख्य भटनागरसाहेब, दिल्लीचे. मागे धुरी खानदान ठेवणीतल्या कपड्यांत. संगणकापुढे राजरत्न, वैभवचा जोडीदार, नायगावचा. बोलायला तिखट, कामाला पक्का.

"लग्नाचं वऱ्हाड इकडेच उतरवलंस काय रे?" राजरत्न पुटपुटला.

"गप ना. चालू कर!"

लतिका मॅडमनी हिंदीत छोटंसं भाषण केलं. "एक भी ड्राइवर नहीं! सब कुछ प्रोग्राम तय करता है, और क्यों तय किया, ये भी बताता है!" टाळ्या पडल्या. राजरत्नने बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

चौदाच्या चौदा गाड्या ठप्प! वर क्रेन पेटी लटकवून उभी, आणि खाली गाड्या देवळात रांग लावून बसल्यासारख्या निवांत. मग पडदा उजळला आणि स्पीकरमधली बाई गोड आवाजात बोलली:

"गाडी दोन ते चौदा थांबल्या आहेत. कारण, सुभद्राआत्याला अजून काम लागलेलं नाही. आधी दुसऱ्याला दिलं तर आत्या रुसेल."

वैभव एकदम राजरत्नच्या संगणकावर वाकला.

भटनागरसाहेबांना देवनागरी वाचता येत होती. त्यांनी चष्मा वर केला. "मैडम, आपने तो कहा, ड्राइवर नहीं है. ये सुभद्रा आत्या कौन हैं?"

"सर, वो..." मॅडमनी वैभवकडे असं पाहिलं, की त्याच्या शर्टाची इस्त्री उतरली. "कोडनेम है, सर."

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "वैभवा! मेल्या, माझा नाव थंय कसा?"

"कोडनेम खड़ा हो गया," भटनागरसाहेब म्हणाले.

एक नंबरची, म्हणजे आत्याची, गाडी तेव्हा तळाच्या पार टोकाला, पत्र्याखाली चार्जिंगला होती. ती निघाली. हळू! नऊवारी सांभाळत देवीच्या पालखीला निघाल्यासारखी! वर पाहुणे पाच मिनिटं घड्याळ बघत बसले. शेवटी तिने क्रेनखाली येऊन पेटी घेतली आणि मगच बाकीच्या गाड्या जागच्या हलल्या. वैभवने श्वास सोडला.

घाई केली त्याने.

दोन नंबरची गाडी ऐन चौकात जाऊन उभी राहिली आणि चाकं नुसतीच डावीकडे-उजवीकडे फिरवू लागली. "गाडी दोन, चालक हेमचंद्रकाका," बाईने सांगितलं. "ह्यांना काही देऊ नये. कारण, ह्यांच्याच्याने काही होत नाही. मध्ये उभं राहून सांगू द्यावं." सहा नंबरच्या गाडीने भरलेली पेटी नाकारली आणि रिकामी घेतली. "चालक अजितमामा. कारण, कंबर. कंबर फक्त कामाच्या वेळी दुखते." चार आणि नऊ नंबर एका गल्लीत समोरासमोर आल्या मात्र, दोघीही विंचू दिसल्यासारख्या मागे हटल्या! दुसऱ्या गल्लीतून गेल्या, तिथेही समोरासमोर, पुन्हा मागे! तिसऱ्या गल्लीत तेच! "चालक काळाचौकीची काकू आणि भायखळ्याची मावशी. ह्यांना समोरासमोर आणू नये. कारण, अठ्ठ्याण्णव सालची पैठणी."

"फाईल!" वैभव राजरत्नच्या कानात किंचाळला. "लग्नाची फाईल लागलीय! कालची लाव, कालची!"

"सगळ्या गाड्या रिकाम्या झाल्याशिवाय नियम बदलता येत नाहीत. पेटी मध्येच अडकली तर? हा नियम कोणी केला?"

कोणी केला होता, ते तुम्हीही ओळखलं असेल.

"मग लाल बटण दाब!"

"लाल बटण म्हणजे चाचणी नापास," मॅडम दातांवर दात दाबून, चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून म्हणाल्या. "दाबायचं नाही. गाड्या रिकाम्या होऊ देत."

झाल्याही असत्या. एकेक गाडी काही ना काही निमित्त काढून कडेला जात होतीच. कोणी चहाला गेल्यासारखी चार्जिंगला, कोणी सावलीला. दहा मिनिटांत तळावरच्या तेरा गाड्या उभ्या होत्या. आणि तरी काम थांबलं नव्हतं. पेट्या उतरत होत्या. भराभर उतरत होत्या.

चौदा नंबरची गाडी एकटी धावत होती.

क्रेनखालून पेटी घ्यायची, टोकाला न्यायची, ठेवायची, परत पळत यायची. दोन नंबरला वळसा घालून, चार आणि नऊच्या मधून अंग चोरून, एक नंबरपुढे वेग कमी करून. पुन्हा पेटी. पुन्हा पळत. आणि दर फेरीला बाई तितक्याच गोडीने सांगत होती:

"गाडी चौदा. चालक, बाबा. त्रास, शून्य. कारण, काहीही दिलं तरी करतात. विचारायची गरज नाही."

पहिल्या वेळी मागे कोणीतरी हसलं. दुसऱ्या वेळी थोडं कमी. तिसऱ्या वेळी कोणीच नाही.

"गाडी चौदा. चालक, बाबा. त्रास, शून्य."

वैभवला मागे वळून बघायचं होतं आणि मान वळत नव्हती. अर्धं मिनिट! तेरा जणांचे अडीच तास, आणि ह्या ओळीला अर्धं मिनिट लागलं होतं. त्याला तेव्हा ते कौतुकच वाटलं होतं! आता स्पीकरवर, चारचौघांत, ते कौतुकासारखं ऐकू येत नव्हतं.

"तिची बॅटरी बघ," राजरत्न हळूच म्हणाला. "अकरा टक्के. वीसला चार्जिंग मागायला पाहिजे होतं तिने."

"मग मागत का नाही?"

"विचारायची गरज नाही, असं लिहिलंयस ना तू."

सोळाव्या फेरीला चौदा नंबर तळाच्या मधोमध, पाठीवर भरलेली पेटी घेऊन, दोनदा पिवळा दिवा उघडमीट करून थांबली. आता तिच्यात जोरच उरला नव्हता.

मग मागच्या रांगेतून बाबांचा आवाज आला. वैभवशी नाही, ते राजरत्नशी बोलत होते. "आधी पेटी उतरवून घ्या तिची. मग ढकला चार्जिंगला. वजन घेऊन ढकलू नका."

"हो काका," म्हणून राजरत्नने, मॅडमकडे न बघता, लाल बटण दाबलं.

भटनागरसाहेब उठले. "सिस्टम ठीक है," ते वैभवला म्हणाले. "सोमवार को फिर देखेंगे. लेकिन बेटा, घर को घर पे छोड़ के आना." लतिका मॅडमनी तळावरच्या प्रोग्राममधला 'कारण' नावाचा रकाना वैभवच्या ताब्यातून काढून घेतला, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची रजाही.

ट्रॅव्हलरमध्ये बसताना वैभवने डोळे मिटून घेतले. आता फुटणार! आत्या, मामा, काका, काकू, मावशी, सगळी एकदम फुटणार, आणि रविवारच्या हॉलमध्ये भटजी नि नवरानवरी एवढीच उरणार!

"बघलंस मां!" आत्या म्हणाली. वैभवने एक डोळा किलकिला केला. आत्याचा चेहरा गणपतीपुढच्या समईसारखा उजळला होता. "माझ्याशिवाय येवडा मोठा बंदर हालूक नाय! दिल्लीचो सायब उभो रवलो! गो, बघलंस मां?"

"कंबर मोठ्या पडद्यावर आली," मामा भारावून म्हणाले. "सगळे म्हणायचे नाटक करतो. आता कंपनीने लिहून दिलं."

"मी मागे गेलेच नाही," काळाचौकीची काकू खिडकीकडे बघत म्हणाली. "नऊ नंबर गेली."

"चार नंबर गेली," भायखळ्याची मावशी दुसऱ्या खिडकीला म्हणाली.

हेमचंद्रकाका गाडीतच नव्हते. ते भटनागरसाहेबांना तळ कसा चालवावा ते सांगत मागे राहिले होते, त्यांना उचलून आणावं लागलं.

कोणीही रुसलं नाही! वैभवचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. लालबाग येईपर्यंत तो हळूहळू ताठ बसू लागला. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी होते. ते गप्प होते, पण बाबा गप्पच असतात.

गुरुवारी सकाळी अनुजा म्हणाली, "बाबा, दादरला हारांचं सांगून येता?"

"नाही," बाबा म्हणाले.

घरात कोणाला हा शब्द कळला नाही. अनुजाने पुन्हा विचारलं. बाबा गॅलरीतल्या लोखंडी खुर्चीवर बसले होते. पुन्हा म्हणाले, "नाही."

हिंदमाताहून आहेराच्या साड्या आणायच्या होत्या. नाही. गिरगावच्या भटजींना मुहूर्ताची वेळ पुन्हा सांगायची होती. नाही. गॅस, बर्फ, खुर्च्या, मांडवाला आंब्याचे टहाळे, मामाच्या कंबरेचा पट्टा. नाही, नाही, नाही! दुपारपर्यंत सगळ्यांच्या लक्षात आलं, की लग्नातल्या एक्केचाळीस कामांच्या खाली बाबा उभे होते, आणि बाबा आता बाजूला झाले होते. वैभवच्या चोख वाटपात बाकी तेरा जणांच्या वाट्याला मान आला होता आणि बाबांच्या वाट्याला लग्न.

"दादा, त्यांनी चहासुद्धा घेतला नाही!" अनुजाचे डोळे भरले. "तूच लिहिलंस ना ते? मग तूच पूस. मला हार नकोत, हॉल नको. बाबा असे बसून राहिले तर मी बोहल्यावर चढणार नाही, सांगून ठेवते!"

सगळे आत्याकडे बघायला लागले.

"रुसलो हा तो," आत्या म्हणाली, आणि तिच्या स्वरात डॉक्टरला नवा रोग सापडल्याचा अचंबा होता. "गणपत रुसलो! पासष्ट वर्सांत पयल्यांदा!"

"मग काय करायचं आत्या?"

"माका काय इचारतंस? मी रुसतंय, रुसवो काढूक तोच येता!" मग तिचाही आवाज खाली आला. "माझ्या पायावर डोक्या ठेवल्यान तो सिग्नलाक. मी चटकन उठवूकच नाय त्याका. बस थांबलेली बघीत रवलंय."

आत्याने पदर तोंडाला लावला आणि पुन्हा काढला. "जा. शाल नको, नारळ नको. नुसतो जा. आणि तीनदा इचार. पयल्या दोनदा माणूस बोलणा नाय."

वैभव गॅलरीत गेला. खुर्चीशेजारी जमिनीवर बसला.

"बाबा, चुकलो."

बाबा समोरच्या चाळीकडे बघत राहिले.

"बाबा, मी ते... चांगल्या अर्थाने लिहिलं होतं."

हे बोलताक्षणीच त्याला कळलं, की हे त्याहून वाईट होतं. समोरच्या गॅलरीतला पोपटसुद्धा त्याच्याकडे पाठ करून बसला.

"बाबा," तो तिसऱ्यांदा म्हणाला. "सगळ्यांचा मान मी लिहिला. तुमचा विचारलाच नाही. काय हवंय तुम्हाला, सांगा."

बाबांनी बराच वेळ विचार केला. इतका, की खाली इस्त्रीवाल्याचे दोन शर्ट झाले.

"आठवत नाही रे," ते शेवटी म्हणाले. "कोणी विचारलंच नाही, तर माणूस ठरवून कुठे ठेवतो." मग थोड्या वेळाने, जरा लाजत, "पुढचा सोफा असतो ना हॉलमध्ये. व्याह्यांच्या शेजारचा. तिथे बसेन म्हणतो. सरबत आलं तर घेईन. उठणार नाही."

"उठू नका! अजिबात उठू नका! आणि कामं... एक्केचाळीस आहेत..."

"कोणाला लावशील?"

वैभव आतून लॅपटॉप घेऊन आला. बाबांच्या समोर त्याने चौदावी ओळ पुसली. चालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. त्रासाच्या रकान्यात शून्य टाकलं. त्याला वाटलं, आता बाबा त्याचा खांदा थोपटतील.

"दे इकडे," बाबा म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला. आधी ते शून्य पुसलं. मग कारणाच्या रकान्यात एका बोटाने टाईप करायला लागले. वेलांटी शोधायला दोन मिनिटं, काना सापडायला एक. वैभव वाकून बघू लागला तर त्यांनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला. मग त्यांनी भलतंच कुठलं तरी बटण दाबलं, आणि ती बाई, दिल्लीच्या साहेबांना ऐकवलं होतं त्याच गोड आवाजात, तिसऱ्या मजल्याच्या सगळ्या गॅलरीला ऐकवू लागली:

"गाडी चौदा. चालक, वैभव. कारण, शिकाऊ आहे. एकट्याला सोडू नये."

"ता मी ह्याच्या बारशापासून सांगतंय!" आतून आत्या ओरडली.